गॅसमावशीचं नाक

त्या इमारतीत तिला तिच्या नावानं कोणीच हाक मारत नसे. घरोघरी नळीनं गॅस पुरवणाऱ्या कंपनीत ती गळती शोधायचं काम करायची, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती गॅसमावशी. कामावरची मंडळी जरा जास्त चावट. ती तिला श्वानपथक म्हणायची. मावशीला त्याचा राग यायचा नाही. नवीन आलेल्या माणसानं भाबडेपणानं विचारलं की श्वानपथक कुठे बसतं, तर ती स्वतःच हात वर करून सांगायची, "बसलंय इथे, बोला."

नाक होतंच तसं. कंपनीनं यंत्रं दिली होती आणि ती कामाचीही होती, पण मावशी दारातच उभी राहून सांगायची, "चुलीपाशी काही नाही, मीटरपाशी बघा." मग यंत्र मीटरपाशी जायचं आणि मान्य करायचं. गॅसला मुळात स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून कंपनी त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळते, कुजलेल्या कोबीच्या जवळपास जाणारा. लोक त्या वासाला नाक मुरडतात. मावशीचं घर त्याच वासावर चाललं होतं, नवरा गेल्यावर लेकीला वाढवलं तेही त्याच वासावर.

शेजाऱ्यांना मात्र या नाकाचा थोडा जाच व्हायचा. कोणाचं दूध उतू गेलं, कोणाचा टॉवेल ओलाच कपाटात गेला, सगळं जिना चढता चढता मावशीला कळायचं आणि कळलं की ती बोलून दाखवायची. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा राहायचे. डॉक्टरांनी त्यांची सिगारेट बंद केली होती. ते मागच्या दाराबाहेर उभं राहून भिंतीकडे तोंड करून ओढायचे, तरी तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा, "आजोबा, विझवा!" आजोबा म्हणायचे, ही बाई शेजारी नाही, शिक्षा आहे.

मग मावशीला एक साधी सर्दी झाली. चारचौघांना होते तशीच. सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली.

पहिल्यांदा तिला वाटलं, येईल एकदोन दिवसांत. मग तिनं कॉफीच्या डब्यात नाक खुपसून पाहिलं, साबण हुंगला, कांदा चिरून थेट नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, वास काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नाक परत येतं किंवा येत नाही, वाट बघा. हे काय डॉक्टरांनी सांगायला हवं होतं? वाट तर ती बघतच होती.

तिनं कोणालाच सांगितलं नाही. लेकीलाही नाही. पण नाक नसताना गळती शोधायला जाणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं साहेबांना गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि काही दिवस गोदामात काम मागून घेतलं. तिथे ती वॉशर आणि नळ्या मोजत बसायची आणि उठताना न विसरता लंगडायची. लंगडायचं विसरायची नाही, पाय विसरायची. एकदा साहेबांनी विचारलंच, "मावशी, काल डावा होता ना?" तर म्हणाली, "फिरतं दुखणं आहे साहेब." साहेब भला माणूस, त्यांनी मलमाची डबी आणून दिली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे असं किती दिवस चालणार होतं? वर्षाची तपासणी सोमवारी होती. गळतीवाल्या सगळ्यांना टेबलाशी बसवतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या बाटल्या पुढे करतात. काहींत नुसती हवा, काहींत गॅसचा वास. कशात काय आहे ते हुंगून सांगायचं. जो चुकला त्याचं बाहेरचं काम बंद. मावशी दर वर्षी झाकण पुरतं उघडायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची आणि वर साहेबांना म्हणायची, "तुम्ही आज साबण बदललाय." यंदा तिला गोदामात कायमचं बसवणार हे दिसत होतं. पगार तोच राहिला असता, खुर्ची बरी मिळाली असती. पण आयुष्यभर जिच्या येण्यानं लोक निर्धास्त झाले, ती उद्यापासून वॉशर मोजणार. नाक नसेल तर आपण कोण, या प्रश्नावर तिची झोप उडाली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळीच, लेक आली. ती एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळायची. नाक आईवर गेलेलं नव्हतं, पण तोरा गेला होता. तिनं पिशवीतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"हे काय आणलंस?" मावशीनं विचारलं.

"मेझकाल. घायपात असते ना, ती काटेरी? त्याच जातीचं झाड. पानं छाटून मधला गड्डा काढतात, जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर भाजतात, वरून माती लोटतात. मग त्याची दारू गाळतात. म्हणून तिला धुराचा वास असतो."

"म्हणजे झाड जाळून पितात."

"आई, तू जरा गप्प बस. नवीन पेय बसवतेय. धूर आणि तिखट. तिखटाचं माझं मी बघते, धुराचं तुझ्याशिवाय कोणाला कळणार? तू हो म्हटलंस की मी निर्धास्त."

आतापर्यंत लेकीनं बसवलेलं एकही पेय आईनं हुंगल्याशिवाय बाहेर पडलं नव्हतं. मावशी पिणारी नव्हती, घोटाच्या पुढे कधी गेली नाही. पण पेला नाकापाशी धरून ती अर्धा अर्धा तास बोलायची. यात लिंबाची साल जास्त झाली, यातला पुदिना कालचा आहे, हा बर्फ तुम्ही मासळीच्या शेजारी ठेवता का गं? लेक ते हॉटेलात जाऊन सांगायची आणि तिथल्या लोकांना वाटायचं हिची आई कोणी मोठी असामी आहे.

लेक कामाला लागली. हिरव्या मिरचीच्या चकत्या केल्या, लिंबाच्या रसात घालून लाटण्याच्या टोकानं ठेचल्या. वर साखरेचा पाक आणि मग बेतानं मेझकाल. मीठ आणि लाल तिखट बशीत कालवून घेतलं आणि पेल्याच्या काठाला लिंबू फिरवून तो बशीत उपडा दाबला. लाल दाण्यांची झालर बसली. मेझकाल ढवळायची की घुसळायची यावर हॉटेलात वाद होता म्हणे. लेक घुसळणाऱ्यांच्या बाजूची होती, आणि घुसळायचं भांडं मात्र हॉटेलात विसरून आली होती. शेवटी जॅमची रिकामी बाटली सापडली. तिच्यात सगळं ओतून, बर्फ टाकून तिनं झाकण लावलं आणि बाटली आईच्या हातात दिली. "जोरात हलव."

मावशीनं नाकाचं दुःख बाटलीवर काढलं. झाकणाचा आटा झिजलेला होता. तिसऱ्याचौथ्या हिसक्याला धार सुटली आणि तिच्या स्वेटरच्या बाहीत कोपरापर्यंत गेली.

"अगं हळू! महाग आहे ते!" लेक ओरडली.

"मग झाकण नीट लावायचं," मावशी म्हणाली. फडक्यानं बाही टिपली आणि दोघींनी उरलेलं गाळून पेल्यात घेतलं.

"आधी वास घे," लेक म्हणाली आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली.

मावशीनं पेला नाकाखाली धरला. डोळे मिटले, भुवया वर केल्या, मान जराशी वाकडी केली. सगळा थाट नेहमीचा होता. नाकाला काचेचा गारवा तेवढा लागला. मग तिनं घोट घेतला. जिभेला आंबट कळलं, गोड कळलं, काठाचं मीठ कळलं आणि मागून मिरचीनं घशाची अशी काही साल काढली की कान तापले. तिखटाला नाक लागत नाही. मावशीला तेवढा आधार पुरला आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. मिरचीच्या बिया काढ, आग मागून येते ती पुढून यायला हवी, लिंबू थोडं वाढव, काठाचं मीठ फार जाडं आहे, ओठाला टोचतं.

लेक मान डोलवत ऐकत होती. "बरं. आणि धूर?"

"धूर ना. आहे की."

"आहे ते मलाही माहितीय. कसा आहे? लाकडाचा? मातीचा? की जळक्या रबराकडे झुकतोय?"

"चांगला आहे."

मावशीच्या तोंडून वासाबद्दल एका शब्दात उत्तर आजवर आलं नव्हतं. लेकीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिनं दुसरा पेला तयार केला, त्यात मेझकाल वाढवली आणि दोन्ही पेले पुढे सरकवले. "यात जास्त धूर कशात?"

मावशीनं दोन्ही हुंगले आणि देवावर हवाला ठेवून डावीकडे बोट दाखवलं.

"आई, तो कमीचा आहे."

"तेच म्हणतेय मी. कमी कुठला ते दाखवलं." हे बोलताना मावशीला स्वतःचीच लाज वाटली. "तू आधी लिंबं आण बघू. एवढ्याशा लिंबावर काय कळतंय? जा, कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत जा."

लेक काहीतरी विचारणार होती, पण आईचा सूर बघून पिशवी घेऊन निघाली. दार लागलं तशी मावशी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. सोमवारी साहेबांपुढे हसं होईल याची भीती होतीच. पण आज लेकीनं विश्वासानं विचारलं आणि आपण तिला थाप मारली, तीही धड जमली नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि मोकळेपणानं रडली.

रडता रडता ती थांबली.

काहीतरी जळत होतं. लाकूड जळून विझावं आणि वर माती पडावी, तसं काहीतरी. मावशी उठली. नाक पुढे, पाऊल मागे, ही तिची इतक्या वर्षांची चाल. या चालीत विचाराला जागा नसते. ओट्यापाशी गेली, चूल बंद होती. तरी वास होता. विजेच्या बटणांवर तळहात ठेवून पाहिला, थंड. तरी वास होता. डोळे पुसले तसा वास भपकन वाढला. दार उघडून जिन्यात आली तर जिन्यातही तोच. दुसऱ्या मजल्यावर तोच, पहिल्यावरही तोच, कमी नाही की जास्त नाही. कामाच्या एवढ्या वर्षांत असा वास तिनं पाहिला नव्हता. वास कुठेतरी दाट असतो, कुठेतरी विरळ होतो, म्हणून तर माग काढता येतो. हा सगळीकडे सारखा. याचा अर्थ एकच, आग भिंतीतून सगळीकडे पसरलीय.

तिनं नियमानं जे करायचं ते केलं. तळमजल्यावरच्या पेटीतला मोठा व्हॉल्व्ह फिरवून अख्ख्या इमारतीचा गॅस तोडला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "चुली बंद करा! आहात तसे बाहेर या! वस्तू घेऊ नका!"

दुपारच्या जेवणाची वेळ होती. लोक हातात झारे घेऊन बाहेर आले. अंगाला साबण फासलेला पहिल्या मजल्यावरचा शिक्षक टॉवेलवर आला. वरच्या मजल्यावरची शिवणवाली गळ्यात टेप घेऊन आली आणि मागून तिचं गिऱ्हाईक अर्ध्या टाचलेल्या झग्यात आलं. पण कोणी तक्रार केली नाही. गॅसमावशीचं नाक चुकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे रस्त्यात उभे राहून भिंतींकडे बघू लागले.

"धूर कुठे दिसत नाही," शिक्षक म्हणाला.

"दिसेल. मला इथपर्यंत वास येतोय," मावशी म्हणाली आणि घामेजलेलं नाक बाहीनं पुसलं. "बघा, रस्त्यातसुद्धा येतोय!"

घड्याळवाले आजोबा तिच्या जवळ सरकले. "मावशी, रागावू नका. मला दारूचा वास येतोय."

"इथे इमारत पेटलीय आणि तुम्हाला दारू सुचते?"

शिक्षकानं आग विझवणाऱ्या बंबासाठी कोणाचातरी फोन मागून घेतला, तेवढ्यात लेक लिंबांची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून वळली. गर्दी बघून ती धावतच आली. काय झालं, कसला वास, कुठून, असं विचारत तिनं आईला धरलं. लेकीनं एकदा हवेत श्वास घेतला, एकदा आईकडे पाहिलं. मग आईचं मनगट उचलून तिनं स्वेटरची बाही स्वतःच्या नाकाला लावली.

"आई," ती हळूच म्हणाली, "इमारत नाही. वास तुझाच येतोय."

मावशीनं बाही हुंगली. भाजलेलं लाकूड, गरम माती, आणि मागे कुठेतरी लिंबू. जिथे जिथे ती गेली तिथे तिथे वास गेला होता, कारण तो तिच्याच हाताला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली गळती शोधणाऱ्या बाईनं स्वतःच्या बाहीसाठी अख्खी इमारत रिकामी केली होती.

आता मावशी लाजेनं जमिनीत जाईल, असं सगळ्यांना वाटलं. पण मावशी पुन्हा पुन्हा बाही हुंगत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

"मला वास आला," ती म्हणाली. "अगं, मला वास आला! आजोबा, मला वास आला हो!"

"आम्हालाही आला," आजोबा म्हणाले. "त्यात काय?"

मग ती तिथेच, झारे घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर सगळं बोलून बसली. सर्दी, गुडघा, गोदाम, सोमवारची तपासणी. बोलताना हसत होती आणि रडतही होती. शिवणवालीला आधी हसू फुटलं, मग गिऱ्हाईकाला, मग टॉवेलवरच्या शिक्षकालाही. लेक मात्र हसली नाही.

"म्हणजे मघाशी चांगला आहे म्हणालीस तो धूर?"

"थाप."

"आणि इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तुला तरी माझं नाक हवं होतं ना. ते नाही म्हटल्यावर तू काय घेऊन आली असतीस माझ्याकडे?"

"वेडी आहेस का तू?" लेकीचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "मी लिंबं घेऊन आले असते. काहीही घेऊन आले असते." तिनं आईला त्या बाहीसकट घट्ट धरलं. मावशीच्या छातीवरचं किती ओझं गेलं हे तिला तेव्हाच कळलं.

तोडलेला गॅस पुन्हा सोडायचा तर त्याला नियम असतो. आधी सगळ्या घरांतल्या चुली बंद आहेत का ते बघायचं, मग व्हॉल्व्ह उघडून एकेका घरात जाऊन, खिडकी उघडी ठेवून, नळीचे सांधे तपासून चूल पेटवून द्यायची. मावशीनं साबणाचं पाणी कालवलं आणि लेकीला म्हणाली, "आज नाक तुझं. माझं एकदाच चाललंय, त्याच्यावर कोणाचा जीव टांगायचा नाही. मी फेस बघते, तू वास बघ." लेकीनं मान डोलावली.

दोघी वरून सुरू झाल्या. चूल उघडली की आधी नळीतली हवा फुसफुसते, मग गॅस येतो आणि पेट घेईपर्यंत क्षणभर वास सुटतो. शिवणवालीकडे लेक म्हणाली, "आला वास." मावशीला काही आला नाही. धूर आला होता, पण सोमवारी तपासणीच्या बाटल्यांत धूर नसणार. पुढच्या घरी नाही, शिक्षकाकडेही नाही. त्याच्याकडे मात्र तिला साबणाचा वास आला, बारीकसा, पडद्यामागून यावा तसा. तिनं त्याला सांगितलं. तो बिचारा अजून टॉवेलवरच होता. म्हणाला, "येणारच."

जिना उतरताना मावशी मधेच थांबली. "उद्या साहेबांना सगळं खरं सांगणार आहे," ती म्हणाली. "बाटल्यांच्या आधी. नाक येवो न येवो. आणि मलमाची डबी परत करणार."

"गुडघा कुठला सांगितला होतास?"

"दोन्ही."

आता लेक हसली. मावशीही हसली. गोदाम तर गोदाम, असं मनाशी म्हणून पाहिलं, आणि ते म्हणता आलं. लंगडण्याचे दिवस संपले होते, एवढ्यानंसुद्धा तिला हलकं वाटत होतं.

शेवटचं घर आजोबांचं. सगळ्या भिंतींवर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नव्हतं. मावशीनं ओट्यामागची खिडकी उघडली, सांध्यांना फेस लावला, बुडबुडा आला नाही. मग काडी हातात धरून चुलीचं बटण फिरवलं. हवा फुसफुसली.

आणि मावशीचा काडीवाला हात तसाच राहिला.

"अहो, पेटवा की," आजोबा म्हणाले. "वास मारतोय."

मावशीनं बटण बंद केलं. तोंड पूर्ण वाकडं झालं होतं, नाकपुड्या आक्रसल्या होत्या. आजोबांनी घाबरून लेकीकडे पाहिलं.

"आई, आला?"

"कुजलेला कोबी," मावशी म्हणाली. "शी! किती घाण. किती घाण येते गं!" आणि ती ओट्याला टेकून खाली बसली, उघड्या खिडकीकडे तोंड करून, छाती भरून श्वास घेत.